एका नोटिशीची भाषा

मराठीच्या भवितव्याची चर्चा निघाली की आम्हांस १९६२ सालचे वेल्स आठवते. त्या वर्षी १३ फेब्रुवारीला बीबीसीच्या वेल्श नभोवाणीवरून नाटककार साँडर्स ल्युइस यांनी ‘भाषेची नियती’ या विषयावर व्याख्यान दिले. आदल्या वर्षीच्या जनगणनेचे भाषाविषयक आकडे प्रसिद्ध व्हायचे होते. ते निराशाजनकच असणार हे गृहीत धरून, हीच गती राहिली तर एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वेल्श जिवंत भाषा म्हणून उरणार नाही, असे भाकीत त्यांनी केले. आकडे आले तेव्हा वेल्शभाषक सुमारे २६ टक्के निघाले.

आम्हांस मोलाचे वाटते ते त्यांनी दिलेले एक साधे उदाहरण. लानेलीजवळच्या लानगेनेख गावातील खाणकामगार ट्रेव्हर बीझली आणि त्यांची पत्नी आयलीन यांनी १९५२ पासून एकच हट्ट धरला : घरपट्टीची नोटीस वेल्शमध्ये द्या, मग पैसे भरू. गाव बहुतांशी वेल्शभाषक, परिषदेचे सदस्यही वेल्शभाषक. तरी खटले झाले, घरातील सामान जप्त झाले. द्वैभाषिक नोटीस हाती पडायला १९६० साल उजाडले. एका कुटुंबाने केले ते संघटितपणे व्हावे, वेल्शविना कारभार चालणे अशक्य व्हावे, असे ल्युइस यांचे म्हणणे. स्वराज्याहून भाषेचा प्रश्न त्यांना अधिक महत्त्वाचा वाटत होता.

त्याच ऑगस्टमध्ये लानेलीला राष्ट्रीय आइस्टेद्वोद हा काव्य-संगीताचा महोत्सव भरला. कवीचे मानाचे आसन कॅराडोग प्रिचर्ड यांना लाभले. आणि त्याच महिन्यात, तिथून फार दूर नसलेल्या पोंतार्दुलेस येथे वेल्श भाषा संस्थेची पायाभरणी झाली. पुढच्या फेब्रुवारीत तिचे कार्यकर्ते आबेरिस्टविथच्या पुलावर वाहतूक अडवून बसले. १९६७ आणि १९९३ चे भाषाकायदे, १९८२ ची वेल्श दूरचित्रवाहिनी हे सारे त्यानंतरचे. २०२१ च्या जनगणनेत प्रमाण १७.८ टक्क्यांवर उतरले, हेही नोंदवले पाहिजे. पण भाकितातला मृत्यू मात्र टळला.

आम्हांस राज्य १९६० सालीच मिळाले, आणि भाषेची काळजी आम्ही त्याच्यावर सोपवून मोकळे झालो. २०२४ मध्ये मराठीस अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही महाविद्यालयात पेढे वाटले. त्याच आठवड्यात बँकेचा अर्ज आम्ही इंग्रजीत भरला. मराठी अर्ज मागितलाही नाही. दिवसभर मराठी शिकवणाऱ्या आम्हांस त्या खाणकामगाराची घरपट्टी अजून भरायची आहे.