करवंटीतले पाणी

आमच्या घरामागे परसबाग आहे. ती फार मोठी नाही. तिच्यात एक शेवगा, एक लिंबू, जास्वंद, कढीपत्ता आणि तुळस आहे. न्हाणीचे पाणी अळूला जाते. मृग लागला की आजी आळी करते आणि दोडका, कारली, भेंडी, चवळी लावते. बिया टोचायचे काम माझे आणि माझ्या धाकट्या बहिणीचे. तिला आम्ही चिमी म्हणतो. ती पहिलीत आहे.

मार्च महिन्यात गुरुजींनी वर्गात सांगितले, "उन्हाळ्यात पाखरांना पाणी ठेवा." मी घरी जाऊन सहा करवंट्या घेतल्या. त्यांना भोके पाडून सुतळी बांधली. दोन शेवग्याला, दोन लिंबाला आणि दोन जास्वंदीला टांगल्या. रोज सकाळी तांब्याने पाणी घालायचो. चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या, बुलबुल आला. एकदा खारसुद्धा पाणी पिऊन गेली. चिमी बाजेवर बसून मोजायची. मला खूप अभिमान वाटायचा.

मग जून आला. पाऊस लागला. सगळीकडे पाणीच पाणी झाले. पाखरे करवंटीवर येईनात. मीही करवंट्या विसरलो.

जुलैत चवळीच्या शेंड्यांवर मावा पडला. पाने चिकट झाली आणि मुंग्या चढल्या. अण्णा म्हणाले, "उद्या तालुक्यावरून औषध आणून फवारतो." आजी म्हणाली, "आरं, पोरं उभ्या उभ्या शेंगा तोडून खात्यात. त्यांच्या पोटात औषध घालतोस व्हय?" मग तिने वाळवून ठेवलेल्या निंबोळ्या काढल्या. आम्ही त्या कुटल्या. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम पूड असे माप घेतले. रात्रभर भिजवले, सकाळी फडक्याने गाळले आणि त्यात थोडे साबणाचे पाणी घातले. संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारले. आजीने मला लाल पाठीचे आणि काळ्या ठिपक्यांचे किडेही दाखवले. त्यांना ढालकिडे म्हणतात. ते मावा खातात, म्हणून त्यांना मारायचे नाही. आठ दिवसांनी दुसरी फवारणी केली. मावा कमी झाला. मला वाटले, आता आमच्या बागेतली कीड संपली.

पण दुसरी कीड मला दिसलीच नव्हती.

एका सोमवारी चिमीला ताप आला. डोके दुखते, डोळे दुखतात, हातपाय दुखतात म्हणून ती रडायची. तिने भाकरीला हातसुद्धा लावला नाही. अण्णांनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. रक्त तपासल्यावर डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात पाठवले. आई तिच्याबरोबर पाच दिवस तिकडेच राहिली. घरात आवाजच नव्हता. रात्री मी आजीजवळ झोपायचो, पण आम्हा दोघांनाही झोप लागत नव्हती.

तिसऱ्या दिवशी आशाताई घर बघायला आल्या. त्यांनी बॅटरी लावून रांजण बघितला, पिंप बघितले. सगळ्यावर झाकण होते. आजी म्हणाली, "ताई, आमच्या घरात घाण सापडायची न्हाय." मग त्या मागे परसात गेल्या. त्यांनी शेवग्याची करवंटी खाली घेतली आणि मला बोलावले. पाणी स्वच्छ होते. त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. त्या खालीवर नाचत होत्या. सहा करवंट्यांपैकी पाच करवंट्यांत अळ्या होत्या.

"ह्या कुणी टांगल्या?" ताईंनी विचारले.

आजी म्हणाली, "पोरांनी कधी टांगल्या असतील, कुणाला ठावं." मी गप्प बसलो. मला पळून जावेसे वाटले. चिमी आजारी आहे आणि ते माझ्यामुळे, असे मनात आले. मग मी म्हणालो, "मी टांगल्या." आणि मला रडू आले.

आशाताई रागावल्या नाहीत. त्यांनी मला शेजारच्या घरामागे नेले. तिथे जुन्या टायरातही अळ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाळा, कुठला डास चावला हे कुणालाच सांगता येणार नाही. पण आता काय करायचं ते आपल्याला माहीत आहे." त्यांनी सांगितले की डेंग्यूचा डास गटारात नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्याच्या अंगावर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो. आम्ही रात्री मच्छरदाणी लावायचो, पण चिमी दुपारी शेवग्याखाली बाजेवर उघडीच झोपायची. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी केली तर डास तयारच होत नाही. नुसते पाणी ओतून चालत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही खूप दिवस टिकतात. म्हणून भांडे घासावे लागते.

शनिवारी चिमी घरी आली. ती अगदी वाळली होती. मी तिला सगळे खरे सांगितले. मला वाटले, ती कट्टी करील. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "दादा, मग पुढच्या उन्हाळ्यात चिमण्या पाणी कुठं पितील?"

आम्ही दोघांनी ठरवले आहे. पावसाळ्यात करवंट्या घरात खुंटीला. उन्हाळ्यात मातीचे परळ ठेवायचे. रोज सकाळी जुने पाणी झाडाच्या बुडात ओतायचे, काथ्याने परळ घासायचे, मग नवे पाणी घालायचे.

२० ऑगस्टला बाईंनी वर्गात सांगितले की १८९७ साली याच दिवशी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. मलेरियाचा डास वेगळा असतो. पण मी मनात म्हणालो, एवढ्याशा डासाकडे एवढे नीट बघावे लागते तर!

आता दर शुक्रवारी आमच्या घरी कोरडा दिवस असतो. मागच्या शुक्रवारी मी शाळेतही बघितले. आपल्या वर्गाच्या तुळशीच्या कुंडीखाली ताटली आहे ना, तिच्यात अळ्या होत्या. मी गुरुजींना दाखवल्या. ताटली आम्ही घासून उन्हात पालथी घातली.

मित्रांनो, तुम्हीही घरी जाऊन कुंडीखाली, छपरावर, टायरात, फुटक्या माठात बघा. आणि हे वाचणाऱ्या काका-काकूंनो, तुम्ही मोठे आहात, तुम्हाला छपरापर्यंत दिसते. कृपा करून तुम्हीही बघा.

इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक १७