मृगाचे दोन ढग

मृग आमच्याकडे वर्षातून दोनदा येतो. जूनच्या 7-8 तारखेला सूर्य त्या नक्षत्रात शिरतो, तेव्हा मृगाचे तारे उन्हात बुडालेले असतात आणि त्याचा पाऊस दारात असतो. राबावर भात पेरलेलं असतं, उरणजवळचं आमचं सगळं चिरनेर गाव ढगाकडे डोळे लावून असतं. मग पौष-माघात तोच मृग रात्री माथ्यावर येतो आणि स्वतःचा ढग दाखवतो.

तो पाहायची वेळ पोपटीची. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला. मडकं शेतात पालथं घालून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. जाळ खाली बसेपर्यंत वर बघायला निवांत वेळ मिळतो. बाणाच्या तीन ठळक ताऱ्यांखाली एक पुसट ठिपका असतो. नजर रोखली की विरतो, किंचित बाजूला पाहिलं की उमटतो. दुर्बिणीतून तिथे फिकट धुकं दिसतं आणि धुक्यात एकमेकांना खेटून बसलेले चार तारे. हा मृगातला तेजोमेघ, सुमारे 1350 प्रकाशवर्षं दूर. तिथले तारे जेमतेम दहा लाख वर्षांचे. आपला सूर्य 460 कोटी वर्षांचा.

दिसतो तो ढगाचा नुसता उजळलेला पापुद्रा. खरा ढग त्याच्या मागे आहे, काळा आणि कमालीचा गार. त्याच्या आतल्या भागाचं तापमान उणे 250 अंशांच्याही खाली जातं. ताऱ्याच्या जन्माला ही थंडीच लागते. वायू तापला की फुगू पाहतो. गारठला तरच स्वतःच्या भाराने आत कोसळत जातो आणि शेवटी त्याच्या पोटात तारा पेटतो.

या ढगात बहुतेक हायड्रोजनचे रेणू असतात, आणि वजनाने शंभरातला एखादा भाग धूळ. अक्कादेवीच्या डोंगरावरच्या जंगल सत्याग्रहाने आणि तिथल्या हुतात्म्यांनी चिरनेरचं नाव देशभर नेलं ते 1930 साल. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेतून रॉबर्ट ट्रंपलर यांनी दाखवून दिलं, की ताऱ्यांमधल्या मोकळ्या वाटणाऱ्या जागेतही धूळ आहे आणि ती मागच्या ताऱ्यांचा उजेड गिळते. पण हीच धूळ ढगाला सांभाळते. तिच्या कणांवर हायड्रोजनचे अणू एकत्र येऊन रेणू होतात, आणि रेणू फोडणारे अतिनील किरण ती बाहेरच अडवते. झाकणारी तीच, पोसणारीही तीच.

गिळलेला उजेड वाया जात नाही. पोपटीचा जाळ विझल्यावर मडकं काळंच दिसतं, पण हात जवळ नेला की धग लागते. तशी ही धूळही डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत आपली ऊब बाहेर टाकते. ते किरण चिरनेरपर्यंत पोचत नाहीत, कारण हवेतली वाफ त्यांना अडवते. मृगाचा पाऊस आणणारी वाफ मृगातल्या धुळीचा निरोप अडवून धरते!

त्यावर तोड काढली ती आमच्या खाडीपलीकडच्या माणसांनी. उरणच्या समोर, बंदराच्या पल्याड कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी एक मीटर आरशाची दुर्बीण फुग्याला बांधून हैदराबादहून सुमारे 30 किलोमीटर उंच, वाफेच्या वर पाठवली. मृगातल्या गार धुळीचे त्यांनी तयार केलेले नकाशे 2000 साली प्रसिद्ध झाले. जिथे डोळ्यांना नुसता काळोख दिसतो, तिथे कुठे धूळ दाटली आहे, किती गार आहे, हे त्या नकाशांत कळतं.

वाफेचा पडदा भात पिकवतो, धुळीचा पडदा तारे पिकवतो. न्हावा-शेवाचं बंदर आलं, गोदामं आली, रस्ते आले, आणि त्यांच्याबरोबर वर उधळलेल्या दिव्यांचा पडदा आला. त्यातून काहीच पिकत नाही. दिवे हवेतच, रात्रपाळीच्या माणसांना ते लागतात. पण दिव्याला वरून टोपी बसवता येते, त्याचं तोंड खाली वळवता येतं. रस्ता तितकाच उजळेल, वीज वाचेल आणि चिरनेरच्या पोरांना पोपटीच्या रात्री मृगातला ढग स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. एवढं करणं आपल्या हातात आहे, आणि ते आपण केलंच पाहिजे.