पिशोरच्या काळ्या रानात फोर-व्हील

कन्नडला सोलापूर-धुळे महामार्ग सोडून पिशोरची वाट धरली. उत्तरेला गौताळ्याचे डोंगर, रस्त्याकडेला अद्रकीचे गादीवाफे, कपाशी, सोंगून पडलेला मका. रात्री परतीचा पाऊस दणकून झालेला. "कणसं आज काढली नाहीत तर कोंब फुटतील," असा मामेभावाचा सकाळीच फोन आला होता. त्याचं रान अंजनेच्या काठी, आणि तिथवर जाईल अशी त्याची जुनी फोर-व्हील पिकअप तेवढी होती.

डांबर संपलं. पाणंदीत शिरायच्या आत त्याने गाडी उभी केली. "दादा, तुम्ही तिकडचं हब टाका. दोन्ही लॉक झाल्याबिगर आत जायचं नाही."

त्याचा हा हट्ट मला फार पटतो. चिखलात रुतल्यावर हब टाकायला उतरणं म्हणजे गुडघाभर गाळात चाक चाचपणं. पुढच्या चाकाच्या मधोमध ही चकती असते. 'फ्री'वर असताना चाक नुसतं बेअरिंगवर फिरतं; आतला ॲक्सल, डिफरन्शियल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट उभे राहतात. झीजही वाचते, थोडं डिझेलही. 'लॉक' केलं की दात्यांची रिंग सरकते आणि चाक ॲक्सलला जोडलं जातं. एकच बाजू लॉक झाली तर केबिनमधला दांडा टाकून उपयोग नाही. साधं डिफरन्शियल मोकळ्या बाजूचा ॲक्सल गरागरा फिरवतं, पुढची चाकं ओढतच नाहीत.

महिंद्राने 1947 साली मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या, त्यांचा पुढचा ॲक्सल चाकांबरोबर कायम फिरायचा. युद्धातून उरलेल्या तसल्याच जीप रोजच्या रस्त्यावर सुखाने चालाव्यात म्हणून 1948 मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी मोकळे होणारे हब बनवायला सुरुवात केली.

माझ्या बाजूचं हब फिरेना. मी पक्कड मागितली. "पक्कड नको, चकतीचे कान तुटतील. हातानंच फिरलं पाहिजे." त्याने सहाही स्क्रू काढले, झाकण रुमालावर उपडं ठेवलं. आत ग्रीस आणि ओढ्याचं पाणी मिसळून पांढुरकी खळ झालेली. डिझेलच्या चिंधीने त्याने एकेक दाता पुसला, रबरी रिंगला चीर नाही ना हे बोटाने फिरवून पाहिलं, आणि नवं ग्रीस नावाला लावलं. ठासून भरलं तर थंडीत रिंग जागची हलत नाही. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. चकती फिरवली, 'टक्क' वाजलं.

मग लो गिअर, दुसऱ्यात, एकाच चालीने. काळी माती टायरच्या खाचा बुजवत होती, मागचा भाग शेपटासारखा हलत होता, पण पुढची दोन्ही चाकं गाडीला ओढून नेत होती. येताना मक्याची पोती लादली होती, तरी गाडी अडली नाही.

डांबराला लागताच त्याने दांडा काढला, गाडी चार हात मागे घेतली आणि दोन्ही हब 'फ्री' केले. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो ताण शाफ्टवर आणि गिअरच्या दात्यांवर साचतो, स्टेअरिंग जड होतं, दांडा अडकतो.

चैत्र-वैशाखातही तो महिन्यातून एकदा हब टाकून शिवारातल्या मातीच्या रस्त्याने चार-पाच किलोमीटर जाऊन येतो. तेवढ्याने पुढच्या डिफरन्शियलमधलं तेल सगळीकडे पोचतं आणि चकती जाम होत नाही.