डबा लपवायचा, पण कुठे?



ज्यांची मुलं-नातवंडं परदेशात आहेत, त्यांच्यापैकी काहींच्या कानावर ‘जिओकॅशिंग’ हा शब्द आला असेल. आला नसेल तर आज सांगते. या खेळापायी गेल्या डिसेंबरात मला जावयाला ‘नाही’ म्हणावं लागलं. आपल्याकडे ते किती अवघड असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

खेळ तसा सोपा आहे. कोणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना कळवतो. बाकीचे मोबाईलवर ते आकडे घालून शोधायला निघतात. डब्यात एक छोटी वही असते. सापडला की वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. डबा मोठा असेल तर त्यात लहानसहान वस्तूही असतात. त्यातलं काही घेतलं, तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं काहीतरी त्यात ठेवायचं.

याची सुरुवात सन २००० मधली. उपग्रहावरून जागा ओळखायची सोय सामान्य माणसाला होती, पण अमेरिकेचं सरकार त्यात मुद्दाम चूक ठेवत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. मे महिन्याच्या सुरुवातीला ती चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने एक बादली झुडपात ठेवली आणि आकडे इंटरनेटवर टाकले. खरंच आता तिथवर अचूक पोचता येतं का, हे त्याला पाहायचं होतं. पोचता आलं. आज १९० हून जास्त देशांत असे ३० लाखांवर डबे आहेत.

मी बी.कॉम. झालेली बाई. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण घरचा जमाखर्च आजही वहीत लिहिते. त्यामुळे मला या खेळातला सगळ्यात आवडलेला नियम कोणता, तर तो देवाणघेवाणीचा. जितकं नावे, तितकं जमा. कोणी बघत नाही, पावती नाही, कॅमेरा नाही. तरी डब्याचा हिशेब जुळला पाहिजे. पाठशाळेत आपल्याला शिकवलं होतं, न दिलेलं घ्यायचं नाही. इथे दिलेलंसुद्धा फुकट घ्यायचं नाही!

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे न्यू जर्सीला तीन महिने राहिले, तेव्हा हा खेळ जवळून पाहिला. आठ वर्षांची नात मला हात धरून बागेत घेऊन गेली. एका पडलेल्या झाडाच्या खोडाआड झाकणाचा डबा होता. आत प्लॅस्टिकचं बदक, दोन नाणी, एक काचेची गोटी आणि वही. नातीने गोटी घेतली. मी पर्समधून नवं कोरं टिकल्यांचं पाकीट काढून ठेवलं आणि वहीत मराठीत लिहिलं, ‘गिरगाव, मुंबईहून आलेली आजी.’ त्या वहीत मराठी बहुधा पहिल्यांदाच उमटलं असेल.

त्या तीन महिन्यांत एक गोष्ट लक्षात आली. एकाच घरातली तीन माणसं एकच खेळ तीन तऱ्हांनी खेळत होती.

आमचे जावई आकड्याचे. त्यांच्या नावावर दोन हजारांवर डबे आहेत. दोन डब्यांमध्ये किमान ५२८ फूट अंतर हवं असा नियम आहे, म्हणून काही लांब रस्त्यांवर लोक तेवढ्याच अंतरावर ओळीने डबे लावून ठेवतात. जावई अशा रस्त्यावर सकाळी निघतात ते संध्याकाळी पन्नास-साठ नोंदी करून येतात. लेक कोड्यांची. काही डब्यांचे खरे आकडे कोडं सोडवल्याशिवाय मिळतच नाहीत. ती एका कोड्यापाशी आठवडाभर बसते आणि डबा आणायला कधीकधी जातही नाही. नातीला डब्यातल्या वस्तूंशी मतलब. वहीत नाव लिहायचं तिला कंटाळवाणं वाटतं.

या तिघांची गाडीत भांडणं व्हायची. लेक म्हणायची, पन्नास डब्यांतला एक तरी तुम्हाला आठवतो का? जावई म्हणायचे, तू तर घराबाहेरच पडत नाहीस. मी मागच्या सीटवर बसून ऐकत असे आणि मला आपली शिखरजीची यात्रा आठवे. एकीला सगळ्या टोंकांचं दर्शन झालंच पाहिजे, पायाला फोड आले तरी चालेल. दुसरी एकाच टोंकापाशी बसून राहते, तिला उठवावं लागतं. तिसरी डोलीवाल्याच्या घरची चौकशी करत चालते. यात कोणाची यात्रा खोटी म्हणायची? जी घरी बसून ‘मी जाऊन आले’ म्हणते, तिचीच काय ती खोटी. या खेळातही तसे लोक असतात. न जाता, वहीत सही न करता, सापडला म्हणून नोंद करतात. तेवढं सोडलं तर ज्याने त्याने आपल्या पद्धतीने खेळावं, हाच रिवाज.

बाकीचे रिवाजही ऐका. डब्यात खाण्याची वस्तू ठेवायची नाही, कारण वासाने मुंग्या आणि जनावरं येतात. झाडाला खिळा ठोकायचा नाही. जमीन खणायची नाही. जागा ज्याची असेल त्याची परवानगी हवी. जाता-येता वाटेतला कचरा उचलून आणायचा, त्याचे तर खास दिवस ठरवतात. कोणी रस्त्याने जाणारा बघत असेल तर थांबायचं, डबा उघडा पाडायचा नाही. आणि कोड्याचं उत्तर दुसऱ्याला सांगून त्याची मजा घालवायची नाही. आपण ज्याला जयणा म्हणतो, ती यात बरीचशी आहे.

आता डिसेंबरची गोष्ट. लेक, जावई, नात पंधरा दिवसांसाठी आले होते. जेवताना जावई म्हणाले, “आई, आपल्या वाडीत एक डबा लपवायचा विचार आहे. छोटासाच. जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे. परदेशातून येणाऱ्यांना गिरगावची वाडी बघायला मिळेल.”

खरं तर कल्पना चांगली होती. पण नियम असा की, सुट्टीवर आलेल्याने डबा लपवून निघून जायचं नाही. त्याची देखभाल करणारं जवळ कोणीतरी हवं. वही भिजली, डबा फुटला, तर बघायचं कोणी? जावयांनी माझ्याकडे पाहिलं. नात म्हणाली, “आजी, तू सांभाळशील ना?”

मी म्हटलं, उद्या सांगते.

पहिली अडचण हसण्यासारखी होती. वाडीत लपवायला जागा आहे कुठे? मीटरमागचा डबा दुपारच्या आत पोरांच्या हाती लागेल, नाहीतर झाडूवाला टाकून देईल. अनोळखी माणूस जिन्याखाली वाकून काही शोधताना दिसला, तर चार गॅलऱ्यांतून चार जणी विचारतील, “कोण पाहिजे?”

दुसरी अडचण हसण्यासारखी नव्हती. आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या भाभींचे यजमान ऑपेरा हाऊसला हिऱ्यांची दलाली करत. १३ जुलै २०११ च्या संध्याकाळी सातच्या सुमारास झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादर, तिन्ही ठिकाणी काही मिनिटांच्या अंतराने स्फोट झाले. २६ माणसं गेली. भाईंचा जीव वाचला, पण एका कानाने ऐकू येणं तेव्हापासून बंद झालं. भाभी आजही जिन्यात कोणाची पिशवी नुसती ठेवलेली दिसली तर ती कोणाची आहे हे कळेपर्यंत खाली उतरत नाहीत. त्या जिन्याखाली मी मुद्दाम, कोणाला न सांगता, एक बंद डबा ठेवू? आणि सगळ्यांना सांगून ठेवला, तर मग तो लपवलेला कसला?

हे मी दुसऱ्या दिवशी जावयांना सांगितलं. आवाज न चढवता, पण सरळ. ‘नाही’ हा शब्दही वापरला. लेक मध्ये पडली, “आई, तू फार ताणतेस. जगभर खेळतात.” जावई काही बोलले नाहीत. आमचे हे वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. ताटं उचलेपर्यंत घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

रात्री जावयांनी स्वतःच मोबाईलवर शोधून मला दाखवलं. इंग्लंडमध्ये वेदरबी नावाच्या गावात एका कॅफेबाहेर असाच डबा लपवलेला होता. तो बॉम्ब समजून लष्कराचं पथक आलं आणि त्यांनी तो स्फोट करून उडवला. तारीख होती १ जुलै २०११. आपल्याकडच्या त्या संध्याकाळच्या बारा दिवस आधीची. म्हणजे ही भीती फक्त गिरगावच्या आजीची नाही. मग म्हणाले, “आई, चर्नी रोडला प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की तेच ऐकू येतं, बेवारस वस्तूला हात लावू नका. आणि माझा खेळ म्हणजे बेवारस वस्तूला हात लावणंच.” तरी त्यांचं मत असं की सोसायटीची लेखी परवानगी घेऊन, डब्यावर ठळक नाव लिहून ठेवता आला असता. असेल. पण भाभींना लेखी परवानगीने झोप लागणार नाही, असं माझं मत. आम्ही दोघंही आपापल्या मतावर आहोत आणि बोलणं चालू आहे.

या खेळात डबा नसलेलाही एक प्रकार आहे. जागेवर जायचं, तिथे काय आहे ते नीट बघायचं आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाठवायचं. खडक, डोंगर, भूगर्भ यांच्यासाठी असा प्रकार २००४ पासून सुरू आहे. मला वाटतं मुंबईला हाच शोभतो. नातीला घेऊन मी तसाच खेळ घरचा घरी खेळले. इंग्रजांच्या काळात फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मैल मोजून रस्त्याकडेला दगड रोवले होते, त्यांवर रोमन आकडे कोरलेले. बरेचसे पदपथात गाडले गेले होते, पालिकेने अलीकडे काहींची डागडुजी केली. काळबादेवीला एक आहे, दादरलाही आहे. त्या रस्त्याने मी चाळीस वर्षं भाजी-कापड आणत आले, दगडाकडे कधी वाकून पाहिलं नव्हतं. नातीने बोट फिरवून आकडा वाचला, वहीत लिहिला आणि विचारलं, “आजी, दादरच्या दगडावर कितवा आकडा असेल?” आम्ही दोघींनी अंदाज लिहून ठेवला. दादर पुढच्या खेपेला.

तर मैत्रिणींनो, तिकडे गेलात आणि नातवंडांनी बोलावलं, तर जरूर जा. गुडघ्यांची काळजी नको. प्रत्येक डब्याला १ ते ५ असे दोन आकडे दिलेले असतात, एक शोधायला किती अवघड याचा, दुसरा वाट किती अवघड याचा. वाटेचा आकडा १ असेल तर आपल्यालाही जमतं. पर्समध्ये एक पेन ठेवा, कारण डब्यातलं पेन हमखास चालत नाही. टिकल्या, रिबन, छोटी बांगडी असं काही सोबत असू द्या. गवतात पाय जपून टाका, डबा उचलण्याआधी खाली किडामुंगी आहे का बघा. जावई आकडे मोजत असतील तर मोजू द्या, सून कोडं सोडवत असेल तर तिला उत्तर विचारू नका. वहीत मात्र मराठीत लिहा.

आणि इथे कोणी तुमच्या जिन्याखाली काही ठेवायला मागितलं, तर आधी वरच्या मजल्यावरच्या बाईला विचारा.