शिफ्ट, शह आणि शेवटची विरार

‘मीरा रोडला राहते’ म्हटलं की ऑफिसात पहिली प्रतिक्रिया ठरलेली. ‘अगं, इतक्या लांबून?’ हो, लांबून! आणि गंमत म्हणजे या अंतरावरच माझं बुद्धिबळ चाललंय.

मी न्यूज डेस्कवर. दुपारी तीनला शिफ्ट सुरू, सुटायची वेळ बातमी ठरवते. दुपारच्या भाईंदर लोकलमध्ये मीरा रोडला चक्क खिडकी मिळते. चर्चगेट येईपर्यंत तासाभराहून जास्त वेळ हातात. पुस्तकातले डाव मी तेवढ्यात मनातल्या मनात खेळून बघते. रात्री शेवटच्या विरारमध्ये मात्र डोळे मिटून फक्त ‘कुठे चुकलं’ याची उजळणी.

वीक-ऑफ मंगळवारी. रेटेड स्पर्धा मात्र बहुतेक शनिवार-रविवारी! मग सरावाला आमचं शांतीनगर. बिल्डिंगखालच्या कट्ट्यावर बँकेतून रिटायर झालेले काका पट मांडून बसतात. कुणी गुजराती बोलतं, कुणी हिंदी, कुणी मराठी, पण वजीर, उंट, घोडा सगळ्यांचे तेच. फारच हरले की मी सरळ बस पकडून उत्तनचा समुद्र गाठते. वाळत घातलेल्या मासळीच्या वासात रेटिंगची चिंता जरा कमी होते, स्वानुभव!

रोज चर्चगेटच्या थोडं आधी चर्नी रोड येतं आणि मला खाडिलकर भगिनी आठवतात. स्टेशनबाहेर पडलं की गिरगाव. ‘नवाकाळ’ इथलाच, १९२३ मध्ये नाट्याचार्य कृ. प्र. खाडिलकरांनी सुरू केलेला. त्याच घरातल्या वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी वासंती जिंकल्या, १९७५ मध्ये जयश्री, १९७६ मध्ये रोहिणी. तीन वर्षं, तीन सख्ख्या बहिणी! रोहिणी तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या खेळल्या म्हणून इतका गदारोळ झाला, की प्रकरण हायकोर्टात गेलं. पुढे १९८१ आणि १९८३ मध्ये त्या आशियाई विजेत्या झाल्या.

आणि पत्रकारिता? त्यांनी १९९३ मध्ये स्पर्धा थांबवून तिचा अभ्यास केला, १९९८ मध्ये ‘संध्याकाळ’च्या संपादक झाल्या. जयश्री ‘नवाकाळ’च्या संपादक झाल्या. म्हणजे रोहिणींनी दोन्ही घोडे एकदम पळवले नाहीत. आधी पट, मग अग्रलेख.

पण आमच्यासारख्या नोकरदारांना खेळण्यासाठी दहा-पंधरा वर्षं कोण देणार? पाच दिवसांची रजा मागितली तर बॉस म्हणाले, ‘क्रिकेट असतं तर समजलो असतो.’

इथे ‘फिडे’चा एक नियम माझ्या कामी आलाय. पहिलं रेटिंग मिळवायला रेटेड खेळाडूंशी किमान ५ डाव लागतात, पण ते एकाच स्पर्धेत हवेत असं नाही. २६ महिन्यांतल्या वेगवेगळ्या स्पर्धांतले डाव एकत्र धरतात. हिशेब १४०० च्या वर निघाला की यादीत नाव! हा नियम करणाऱ्याने कधीतरी नाइट शिफ्ट केली असणार.

माझे दोन डाव झालेत. एक हरले, एक बरोबरीत सुटला. तीन बाकी आणि हातात अकरा महिने. तेवढ्यात जमलं नाही तर जुने डाव एकेक करून बाद होत जाणार. म्हणून यंदा मैत्रिणींसोबतची गोव्याची ट्रिप रद्द केली, दोन सहकाऱ्यांच्या रविवारच्या शिफ्ट्स आधीच करून ठेवल्या. उसने दिलेले ते रविवार आता वसूल करायचे आहेत.

बॅलन्स वगैरे शब्द मॅनेजमेंटच्या पुस्तकात छान दिसतात. आमच्याकडे असते ती अदलाबदल. तुमचंही असं काही अडकलं असेल, गाणं, ट्रेकिंग, नाटक, तर आधी ऑफिसातला शिफ्टचा तक्ता नीट वाचा. त्यात कुठेतरी एखादं घर रिकामं असतंच.