फोटोतली ती कोण?

मुलांनो, तुमच्या घरात एक पाकीट नक्की असेल. त्यात शाळेचे दाखले, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि सगळ्यात खाली पासपोर्ट साइजचे चार-दोन फोटो! ते बघून आपण किती हसतो, नाही का? बाबा कुणावर तरी रागावल्यासारखे दिसतात, ताई रडायच्या बेतात असते, आणि आपण तर आपल्यासारखे दिसतच नाही. मग वाटतं, असा कंटाळवाणा फोटो काढायला सांगतो तरी कोण? हसू नका, मान वाकडी करू नका, मागे पांढराच पडदा हवा! वाढदिवसाच्या फोटोत जे जे चालतं, ते ते इथे बंद.

मी माजिवड्याला प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या नाक्यावर एकीकडून घोडबंदर रोड येतो, दुसरीकडून नाशिकचा हायवे जातो. दिवसभर गाड्यांचा आवाज. माझ्या वर्गातली मुलं रस्ता ओलांडण्यात पटाईत आहेत. पण काही जणांचे बाबा मात्र समुद्र ओलांडून नोकरीला गेलेले. त्यामुळे ‘पासपोर्ट’ हा शब्द आमच्या पाचवीच्या वर्गाला नवा नाही. गेल्या वर्षी अशाच एका फोटोवरून आमच्या वर्गात जे घडलं, ते तुम्हांला सांगायचं आहे. पण त्याआधी थोडी जुनी गोष्ट.

पूर्वी बहुतेक पासपोर्टांवर फोटो नसायचाच. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. तेव्हा कार्ल लोडी नावाचा एक जर्मन हेर इंग्लंडमध्ये शिरला, तो चार्ल्स इंग्लिस नावाच्या अमेरिकन माणसाचा पासपोर्ट खिशात घालून! पासपोर्ट अगदी खरा, माणूस मात्र दुसराच. फोटो नाही, मग ओळखणार कसं? पुढे लोडी पकडला गेला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेने पासपोर्टवर फोटो सक्तीचा केला. १९१५ पासून ब्रिटिश पासपोर्टवर फोटो तर आलाच, शिवाय कपाळ कसं, नाक कसं, याचं वर्णनही आलं. म्हणजे हा फोटो सजण्यासाठी जन्माला आलाच नाही. ‘हा तोच माणूस का?’ एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी तो आला.

आज जगभराच्या पासपोर्टचे नमुने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना ठरवते. यंत्राला वाचता येईल अशा पासपोर्टची नियमावली तिने १९८० मध्ये पहिल्यांदा काढली. आता तर आपल्या देशातही चिप बसवलेले ई-पासपोर्ट मिळू लागलेत. आपला फोटो त्या चिपमध्येही असतो. विमानतळावर माणसाच्या जोडीला यंत्रही आपला चेहरा ताडून बघू शकतं. डोळ्यांमधलं अंतर किती, नाक कुठे, हनुवटी कुठे, याचा ते हिशेब करतं. खदखदून हसलो, की गाल वर चढतात, डोळे बारीक होतात आणि हिशेब चुकतो. म्हणून ओठ मिटायचे. मागे फुलांचा पडदा असला तर केस कुठे संपतात ते कळत नाही. म्हणून पांढरी भिंत.

आणखी एक नियम आहे, तो मला फार आवडतो, कारण त्यात गणित लपलंय. कॅमेरा चेहऱ्यापासून दीड मीटरपेक्षा जवळ नको. का बरं? आपलं नाक कानांच्या साधारण १० सेंटीमीटर पुढे असतं, असं धरू. मोबाइल नाकापासून ३० सेंटीमीटरवर धरला, तर कान पडले ४० सेंटीमीटरवर. म्हणजे कानांच्या मानाने नाक एक तृतीयांशाने मोठं दिसणार! तोच मोबाइल १५० सेंटीमीटरवर नेला, तर कान १६० वर. आता नाक जेमतेम पंधराव्या हिश्शाने मोठं. स्वतःच्या हाताने काढलेल्या फोटोत नाक भज्यासारखं का दिसतं, कळलं ना? दोष नाकाचा नाही, अंतराचा आहे!

तर आता आमच्या वर्गातली गोष्ट.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. अभ्यासात चुणचुणीत, कबड्डीत पहिली. तिचे बाबा मस्कतला नोकरीला. आईने ठरवलं, की हिचा आणि हिच्या तीन वर्षांच्या भावाचा पासपोर्ट काढायचा आणि दिवाळीच्या सुट्टीत बाबांकडे जाऊन यायचं. झालं! आई दोघांना घेऊन एका स्टुडिओत गेली आणि फोटो काढून आली.

दुसऱ्या दिवशी ते फोटो कंपासपेटीतून वर्गात आले. मधल्या सुट्टीत घोळका जमला. एक मुलगा म्हणाला, “ही कोण गं? तुझी मावसबहीण?”

ती मात्र खूश होती. “बाई, बघा ना, मी किती छान दिसते!”

मी फोटो हातात घेतला. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर चेहरा असा काही उजळला होता, की जणू दुधात बुडवून काढलाय. तिच्या डाव्या भुवईवर एक व्रण आहे. लहानपणी आजीच्या ओट्यावरून पडली होती, त्याचा. तोही पुसून टाकलेला. मला काय बोलावं ते सुचेना.

तीन-चार दिवसांनी तिची आई शाळेच्या फाटकाशी भेटली. अर्ज भरून देणाऱ्या काकांनी फोटो परत केले होते. चार वर्षांवरच्या मुलांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात, तेव्हा हिचा तिथे निघेल. पण त्याहून लहान मुलांचा फोटो आपणच न्यावा लागतो, आणि धाकट्याचा हा फोटो चालणार नाही, असं ते म्हणाले. पुढे व्हिसाला मुलीचाही फोटो लागेल, तिथेही हा चालायचा नाही. चेहरा कॉम्प्युटरवर बदलायचा नसतो, कातडीचा रंग आहे तसाच दिसायला हवा, असा नियमच आहे.

“बाई, तुम्हीच समजवा हिला,” आई म्हणाली. “पुन्हा फोटो काढू म्हटलं, तर रडून गोंधळ घातलाय.”

ती आईच्या मागून पुटपुटली, “मला तोच हवा. खऱ्या फोटोत मी काळी दिसते.”

मुलांनो, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. कारण आरसा असं काही कुणाला सांगत नाही. ‘उन्हात खेळू नकोस, आणखी काळी होशील,’ असं म्हणणारी माणसं ते सांगतात. कधी लाडाने, कधी चेष्टेने. मोठ्यांच्या ते लक्षातही राहत नाही. मुलांच्या मात्र राहतं.

मी आईकडून अर्जाचा कागद मागून घेतला. त्यात एक रकाना असतो, शरीरावरची ठळक दिसणारी खूण. तिला म्हटलं, “वाच बघू, इथे काय लिहिलंय?”

“डाव्या भुवईवर व्रण.”

“आता फोटोत शोध.”

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. “नाहीये!”

“मग साहेबांनी ओळखायचं कुणाला?”

फाटकाशी रेंगाळलेला तिचाच एक वर्गमित्र मध्येच बोलला, “बाई, मग ती गोरी मुलगी विमानात बसेल आणि ही खालीच राहील!”

सगळे हसले. तीसुद्धा हसली. मी विचारलं, “आणि मस्कतच्या विमानतळावर बाबा कुणाला शोधतील गं?”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मलाच. बाबा फोनवर रोज विचारतात, माझी खूण जागेवर आहे ना?”

बस्स! पुढे मला काही समजवावंच लागलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही व्हरांड्यात फोटो काढले. उन्हाची तिरीप नको, पण उजेड भरपूर हवा, म्हणून सावलीतली पांढरी भिंत निवडली. भिंतीवर सावली पडू नये म्हणून ती दोन पावलं पुढे उभी राहिली. फूटपट्टीने दीड मीटर मोजायचं काम वर्गमित्राने केलं. भुवईवर आलेले केस तिने स्वतःच मागे सारले आणि क्लिप लावली.

धाकट्याने मात्र घाम फोडला! आईने मांडीवर धरलं, तर तिची बोटं फोटोत. उभा केला, तर पळाला. शेवटी जमिनीवर पांढरी चादर अंथरली, त्यावर त्याला झोपवलं आणि मी बाकावर उभी राहून वरून फोटो काढला. ताई माझ्या डोक्यामागून चावीचा जुडगा वाजवत होती, म्हणून साहेब सरळ कॅमेऱ्याकडे बघत राहिले. आमच्या नाक्यावरच्या दुकानात ३५ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर उंच अशा मापात दोघांचे फोटो छापून मिळाले. “काही उजळू-बिजळू नका हं काका,” हे तिनेच बजावलं.

सोमवारी मी वर्गाला जॉय बुओलाम्विनी यांची गोष्ट सांगितली. या अमेरिकेत कॉम्प्युटरचं संशोधन करतात. विद्यार्थी असताना त्या चेहरा ओळखणाऱ्या एका प्रणालीसमोर बसल्या, तर तिला त्यांचा काळा चेहरा दिसेचना! पांढरा मुखवटा चढवला, तेव्हा कुठे दिसला. आता सांगा, मुखवटा घालून फिरायचं का? त्यांनी यंत्रच तपासायला घेतलं. २०१८ साली त्यांनी आणि टिमनिट गेब्रू यांनी दाखवून दिलं, की चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणारी अशी यंत्रं गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत १०० मध्ये एखादीच चूक करतात. पण सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत त्यांतल्या एका यंत्राच्या चुका १०० मध्ये जवळजवळ ३५ होत्या. त्यानंतर कंपन्यांना आपली यंत्रं सुधारावी लागली. “म्हणजे चेहरा बरोबर होता, यंत्र नापास झालं!” वर्गातून आवाज आला. अगदी बरोबर.

पुढे वागळे इस्टेटमधल्या पासपोर्ट सेवा केंद्रात मुलीचा फोटो तिथल्याच कॅमेऱ्याने निघाला, धाकट्याचा आमच्या चादरीवरचा चालला. काही दिवसांनी पासपोर्ट पोस्टाने घरी आले. व्हरांड्यातला तिचा फोटो व्हिसाला लागला. दिवाळीत सगळे मस्कतला जाऊनही आले.

आईबाबांना एक विनंती. स्टुडिओत ‘जरा उजळ करू का?’ असं विचारतील, तेव्हा मुलांच्या देखत ‘नको, आहे तसाच हवा’ असं मोठ्याने म्हणा. फोटो तर नियमात बसेलच. पण ते वाक्य मुलांच्या मनात फोटोपेक्षा जास्त दिवस टिकेल.

आणि मुलांनो, अर्जाच्या फोटोसाठी उभे राहाल, तेव्हा पाठ ताठ, नजर सरळ आणि ओठ मिटलेले असू द्या. मनातलं हसू मात्र बंद करू नका. ते डोळ्यांत जरासं दिसलं, तर त्याला कुठल्याही नियमाची हरकत नाही!