आपला माणूस

पॅट्रिक यूइंग हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते मामाकडून. मामा नोकरीनिमित्त वॉशिंग्टनला आणि तिथल्या जॉर्जटाऊन युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमचा कट्टर फॅन. 1984 साली ही टीम राष्ट्रीय विजेती झाली, तिचा हिरो यूइंग. 2017 मध्ये तोच कोच म्हणून परत आला तेव्हा मामाने फोनवरूनच पेढे वाटले. "आपला माणूस आलाय रे!"

2021 मध्ये त्यांनी बिग ईस्ट कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली. वाटलं, जमलं! पण पुढच्याच सीझनला कॉन्फरन्सच्या 19 पैकी 19 मॅच हरले. मामाचा सकाळी फोन आला की मी हसत विचारायचो, "आज पण?" तो चिडायचा नाही, नुसतं "हो" म्हणायचा.

मार्च 2023 मध्ये यूइंगला काढलं. सहा सीझन, 75 विजय, 109 पराभव. मी म्हटलं, "सुटलास एकदाचा." मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "परका असता ना, तर केव्हाच 'काढा याला' म्हणून ओरडलो असतो. याच्यासाठी तोंडच उघडेना. तो मोठा खेळाडू होता, पण म्हणून कोचिंग जमेलच असं थोडंच आहे?"

असो. यंदा आमच्या हॉस्टेल टीमचा कॅप्टन माझा रूम पार्टनर आहे. सलग तीन मॅच हरलोय. बाहेर सगळे बोलतात, त्याच्यासमोर कुणीच नाही. मीसुद्धा नाही.

आज मेसनंतर बोलणार आहे. आपला माणूस आहे, म्हणूनच.